'खुकरी'च्या अखेरच्या मोहिमेमागची पार्श्वभूमी

1971च्या युद्धात भारतीय नौदलाने गमावलेली एकमेव युद्धनौका म्हणजे 'आयएनएस खुकरी'. 9 डिसेंबरच्या रात्री, दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे 40 सागरी मैलांवर, 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने तिला बुडवले. या घटनेत 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक मृत्युमुखी पडले. शेवटपर्यंत नौका न सोडणाऱ्या कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांची कथा आपल्याकडे पुष्कळदा सांगितली गेली आहे आणि ती सांगितली जावी, यात वादच नाही. मात्र पाणबुड्यांची शिकार करण्यासाठीच बांधलेली नौका स्वतःच पाणबुडीची शिकार कशी झाली, या प्रश्नाचे उत्तर त्या एका रात्रीपेक्षा आधीच्या वीस वर्षांत अधिक सापडते.

'खुकरी' ही ब्रिटिश आराखड्याची 'टाइप 14' वर्गातील फ्रिगेट, म्हणजे ताफ्याच्या संरक्षणासाठीची मध्यम आकाराची युद्धनौका होती. 1950च्या दशकाच्या आरंभी सोव्हिएत पाणबुड्यांची संख्या झपाट्याने वाढत होती आणि अटलांटिकमधील व्यापारी ताफ्यांच्या संरक्षणासाठी थोड्या पैशांत पुष्कळ नौका हव्यात, असे ब्रिटिश नौदलाला वाटत होते. त्यामुळे मोठ्या फ्रिगेटच्या जोडीला दुय्यम दर्जाची, आकाराने लहान, एकाच पंख्यावर चालणारी आणि पाणबुडीविरोधी कामाव्यतिरिक्त फारसे काही न करू शकणारी ही जात जन्माला आली. या नौकेवर मोठी तोफ नव्हती. 40 मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा तेवढ्या होत्या. भारताने अशा तीन नौका घेतल्या: 'खुकरी', 'किरपान' आणि 'कुठार'. त्यांपैकी 'खुकरी' इंग्लंडमधील काउझ येथे बांधली गेली आणि 1958 मध्ये नौदलात दाखल झाली.

तिचे मुख्य अस्त्र होते 'लिम्बो' नावाची तीन नळ्यांची उखळी तोफ. सोनारने, म्हणजे ध्वनीच्या साहाय्याने पाण्याखालच्या वस्तू शोधणाऱ्या यंत्रणेने, पाणबुडीचे अंतर आणि खोली सांगायची, त्याप्रमाणे बाँब किती खोलीवर फुटायचा हे ठरायचे आणि तीन बाँब एकदम उडून पाणबुडीच्या आसपास पडायचे, अशी ही योजना होती. आपल्या काळात ती उत्तमच होती. परंतु या तोफेचा पल्ला जेमतेम 900 मीटरचा होता, म्हणजे मारा करायचा तर पाणबुडीच्या जवळजवळ डोक्यावर जावे लागे. महायुद्धकाळातील संथ आणि वारंवार पृष्ठभागावर येणाऱ्या पाणबुडीच्या बाबतीत हे शक्य होते. कित्येक किलोमीटरवरून पाणतीर (टॉर्पेडो) सोडणाऱ्या नव्या पाणबुडीच्या बाबतीत ते जवळपास अशक्य होते.

1961च्या गोवामुक्तीच्या कारवाईत या वर्गाच्या नौका 'विक्रांत'च्या ताफ्यात होत्या, पण तेथे पाणबुडीशी गाठ पडण्याचा प्रसंगच आला नाही. 1965च्या युद्धात पाकिस्तानकडे 'गाझी' ही एकच पाणबुडी होती. त्यानंतर मात्र पाकिस्तानने फ्रान्सकडून 'दाफ्ने' वर्गाच्या 'हंगोर', 'शुशुक' आणि 'मँग्रो' अशा तीन पाणबुड्या मिळवल्या. बारा पाणतीर-नळ्या असलेल्या या पाणबुड्या आवाज कमी करत आणि त्यांचे सोनारही चांगले होते. भारताच्या तीन फ्रिगेट त्याच राहिल्या, समोरचा प्रतिस्पर्धी मात्र एक पिढी पुढे गेला.

युद्ध सुरू झाले तेव्हा 'हंगोर' मुंबईच्या परिसरात दबा धरून होती. तिच्या बिनतारी संदेशांचा माग लागल्यावर दीवच्या नैर्ऋत्येला पाणबुडी आहे, असा अंदाज पश्चिम नौदल विभागाने बांधला आणि तिचा समाचार घेण्याची कामगिरी 14व्या फ्रिगेट स्क्वाड्रनवर आली. मुल्ला हेच या स्क्वाड्रनचे प्रमुख होते. खरे तर त्यांच्या हाती तीन नौका असायला हव्या होत्या, पण 'कुठार'च्या यंत्रकक्षात स्फोट झाल्याने ती मुंबईला ओढून आणावी लागली होती. उरलेल्या दोघीच निघाल्या.

अरबी समुद्राच्या पाण्याने पाणबुडीलाच साथ दिली. उन्हाने तापलेला वरचा थर आणि खालचे थंड पाणी यांच्या सीमेवर सोनारचा ध्वनी वाकतो आणि त्याखालची पाणबुडी वर शोधणाऱ्या नौकेला सहजी सापडत नाही. याउलट पाणबुडीला वरच्या नौकांच्या यंत्रांचा आवाज नुसता ऐकत राहणे पुरेसे असते. 'खुकरी'च्या सोनारचा पल्ला वाढवण्यासाठी त्याला एक नवे उपकरण जोडून प्रयोग चालू होता आणि त्यासाठी नौकेचा वेग कमी ठेवला होता. संथ चाल पाणबुडीला हवीच असते. या निर्णयावर पुढे नौदलातील जाणकारांनीच बरीच टीका केली. माझ्या मते ती रास्त आहे, पण अपुरीही आहे: जुन्या सोनारवर समुद्रात, तेही ऐन युद्धात, प्रयोग करण्याची वेळ का यावी, हा प्रश्न त्या टीकेच्या आधी येतो.

रात्री पावणेनऊच्या सुमारास 'हंगोर'ने पहिला पाणतीर 'किरपान'वर सोडला. तो न फुटताच निघून गेला. दुसरा 'खुकरी'ला लागला आणि काही मिनिटांतच ती बुडाली. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने बुडवलेली ही पहिली युद्धनौका. वाचलेल्यांच्या सांगण्यानुसार मुल्ला यांनी आपले जीवरक्षक जाकीट एका नौसैनिकाला देऊन टाकले आणि इतरांना बाहेर ढकलत ते स्वतः ब्रिजवर, म्हणजे नौका चालवण्याच्या कक्षात थांबले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. तिसरा पाणतीर 'किरपान'च्या रोखाने आला, तेव्हा तिला दूर निघून जावे लागले. दुसऱ्या दिवशी 'कछाल' या भारतीय युद्धनौकेने 6 अधिकारी आणि 61 नौसैनिकांना पाण्यातून काढले.

त्यानंतर चार दिवस नौका, 'अलीझे' विमाने आणि नवीनच आलेली 'सी किंग' हेलिकॉप्टरे 'हंगोर'चा माग काढत राहिली, पण ती सुखरूप कराचीला पोहोचली. या शोधमोहिमेतच एक 'अलीझे' पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडले. पाणबुडीचा शोध हे एकट्या नौकेचे काम राहिलेले नाही, हे या घटनेने नौदलाच्या मनावर कायमचे ठसले. पुढे माझगाव गोदीत बांधलेल्या 'लिअँडर' वर्गाच्या नौकांवर हेलिकॉप्टरांची सोय करण्यात आली आणि त्यांतील शेवटच्या दोन नौकांवर तर 'सी किंग'सारखे मोठे हेलिकॉप्टर सामावेल असे बदल झाले. 'किरपान' आणि 'कुठार' या दोघी मात्र 1978 मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या तटरक्षक दलाकडे गेल्या.