नवी गोळी सुरू केल्यावर ताप आणि पुरळ आलं तर

औषध नेताना बरेच जण विचारतात, "याची रिॲक्शन तर येणार नाही ना?" आली तरी ती बहुधा साधी असते. खाज सुटते, गांधी उठतात आणि औषध थांबलं की उतरतात. हे पत्रक त्याबद्दल नाही.

स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम ही वेगळी गोष्ट आहे. वर्षाला दहा लाखांत मोजक्याच लोकांना होते, पण यात आपल्याच संरक्षक पेशी कातडीवर उलटतात आणि कातडी भाजल्यासारखी सुटते. अंगाच्या 30 टक्क्यांहून जास्त कातडी सुटली, तर साधारण तिघांतला एक दगावतो.

घोळ होतो तो इथे. कातडीच्या आधी एक-दोन दिवस ताप येतो, घसा दुखतो, डोळे चुरचुरतात. माणूस तापाची गोळी घेतो. दुसऱ्या दिवशी फोड दिसले, की घरचे म्हणतात, "कालची गोळी बाधली." खरं कारण बहुधा तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालेली फिटची किंवा युरिक ॲसिडची गोळी असते. ही रिॲक्शन साधारणपणे औषध सुरू झाल्यावर 4 ते 28 दिवसांत येते. कधी दोन महिनेही लागतात. पाच वर्षं चालू असलेल्या बीपीच्या गोळीवर संशय घेण्यात सहसा अर्थ नसतो.

जास्त सांभाळायची औषधं: फिटवरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन आणि लॅमोट्रिजिन, युरिक ॲसिडवरचं ॲलोप्युरिनॉल, सल्फा गटातलं जंतुनाशक को-ट्रायमोक्साझोल, एचआयव्हीवरचं नेव्हिरापिन, आणि दुखण्यावरचं पिरॉक्सिकॅम. लॅमोट्रिजिनचा डोस आठवड्या-आठवड्यानं वाढवतात तो याचसाठी. काही दिवस गोळी चुकली असेल, तर आधीच्या डोसवर परस्पर येऊ नका, डॉक्टरांना विचारा. कार्बामाझेपिन आणि ॲलोप्युरिनॉलचा धोका कोणाला जास्त, हे काही जणांत रक्ताच्या जनुक तपासणीतून आधीच कळू शकतं.

दर वेळी दोष औषधाचाच असतो असं नाही. मुलांमध्ये कधी कधी मायकोप्लाझ्मा या जंतूच्या न्यूमोनियानंतर ओठ, तोंड आणि डोळे सोलवटून निघतात, अंगावर मात्र फारसं काही नसतं. नागिणीच्या नव्हे, ओठांवर जर (बारीक फोड) येतो त्या हर्पिसच्या विषाणूमुळे हातापायांवर नेमबाजीच्या चकतीसारखे गोल चट्टे उठतात. ते बहुधा सौम्य असतात, पण पुन्हा पुन्हा येतात.

कातडीला हात लावला तरी आग होते, फोड येतात, तोंड किंवा डोळे सोलतात: यातलं एकही दिसलं, तर पुढचा डोस न घेता त्याच तासाला रुग्णालयात जा. मलम लावून सकाळची वाट पाहू नका. औषध फिटचं असेल, तर ते थांबल्याचं तिथे लगेच सांगा, म्हणजे दुसरं सुरू करता येईल.

जाताना गेल्या दोन महिन्यांतल्या सगळ्या स्ट्रिप्स न्या. कात्रीनं कापलेल्या दोन गोळ्यांच्या तुकड्यावर अनेकदा नावच उरत नाही; म्हणून सुट्या गोळ्यांच्या पाकिटावर आम्ही नाव आणि तारीख लिहून देतो. ते पाकीट फेकू नका.

एकदा रिॲक्शन येऊन गेली असेल, तर त्या औषधाचं नाव आम्हाला कळवा, तुमच्या खात्यावर नोंदवून ठेवू. कार्बामाझेपिन बाधलेल्यांना फेनिटॉइनही बाधू शकतं.