‘पुस्तकासारखा’ आणि ‘पाहण्यासारखा’: ‘शाळा’च्या निमित्ताने

कादंबरीवर चित्रपट निघाला की न वाचलेला माणूस वाचलेल्याला विचारतो, ‘बघण्यासारखा आहे का?’ आणि उत्तर मिळतं, ‘पुस्तकाची सर नाही.’ हे उत्तर खरं असेलही, पण ते वेगळ्याच प्रश्नाचं आहे. चित्रपट पुस्तकाला कितपत धरून आहे, ही एक बाब. ते पुस्तक लिहिलंच गेलं नसतं तरी हा चित्रपट आपल्याला खुर्चीत बसवून ठेवेल का, ही दुसरी. बोलताना या दोन्हींची सरमिसळ होते आणि चांगले चित्रपट उगाच बघायचे राहून जातात.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ 2004 साली आली. सुजय डहाके यांनी त्यावर केलेला चित्रपट जानेवारी 2012 मध्ये प्रदर्शित झाला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि रूपांतरित पटकथेचा अविनाश देशपांडे निगडी यांना. तरीही ‘पुस्तक वाचलंय, मग पिक्चर कशाला बघू’ असं म्हणणारे आजही भेटतात.

पहिल्या बाबीपुरतं बोलायचं तर कादंबरीचा सांगाडा चित्रपटात जवळपास जसाच्या तसा आहे. आणीबाणीचा काळ, नववीचं वर्ष, मुकुंद जोशी आणि त्याचं टोळकं, अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमधला त्यांचा अड्डा, वर्गातली शिरोडकर, मुकुंदशी बरोबरीने बोलणारा नरूमामा. प्रसंगांची यादी काढून ताडून पाहिलं तर तक्रारीला फारशी जागा नाही.

हरवतं ते निवेदन. कादंबरी अथपासून इतिपर्यंत मुकुंदच्या डोक्यात घडते. मुलगा हुशार आहे, त्याचं निरीक्षण तिखट आहे. शिक्षक, आईवडील, थोरली बहीण, राजकारणावर बोलणारी मोठी माणसं, सगळ्यांबद्दल त्याचं मनात काही ना काही चाललेलं असतं. तोंडाने तो एक बोलतो आणि मनात दुसरंच म्हणतो. वाचताना सगळी गंमत त्या फटीत आहे. कॅमेऱ्यासमोर हाच मुकुंद बहुतेक वेळा गप्प बसलेला मुलगा दिसतो. शिवाय कादंबरीत नववीचं वर्ष रेंगाळत जातं. तास, ऑफ पिरियड, चाचण्या, रिकाम्या दुपारी, हे सगळं तीनेकशे पानांत सावकाश साचत जातं. चित्रपट दोन तासांच्या आत आटोपतो, त्यामुळे ते रेंगाळणं कमी होतं. आणीबाणीचंही तसंच. पुस्तकात ती मुकुंदच्या अर्ध्यामुर्ध्या समजेत मुरलेली आहे, पडद्यावर ती बरीचशी मागे राहते. ज्यांनी आधी वाचलं आहे त्यांना ही उणीव जाणवते, आणि त्यांचं काही चुकत नाही.

पण आता पुस्तक बाजूला ठेवून नुसता चित्रपट बघा. अंशुमन जोशीने साकारलेल्या मुकुंदची नजर फळ्यावरून निघते, मुलींच्या रांगेपर्यंत जाते आणि कुणी पाहिलं की काय म्हणून परत येते. तेवढ्यात जे कळतं त्याला लेखकाला परिच्छेद लागला असता. आणि केतकी माटेगावकरची शिरोडकर! ती फार काही ‘करत’ नाही. वळते, बघते, हसू येता येता थांबवते. मला या चित्रपटाची खरी कमाई तिच्यात दिसते. कादंबरीतली शिरोडकर मुकुंदला दिसते तेवढीच आपल्याला मिळते. तिच्या मनात काय आहे याचे अंदाज तो बांधतो आणि त्याच्यासोबत आपणही. पडद्यावर ती स्वतःच्या पायांवर उभी राहते. मुलगा बघत नसताना तिचा चेहरा आपल्याला दिसतो. पंचाहत्तर सालच्या छोट्या गावात एखाद्या मुलाशी चार शब्द बोलण्यात तिने किती धोका पत्करला आहे, हे तिच्या नुसत्या उभं राहण्यातून कळतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हा चित्रपट कुणालाही बघायला सांगेन, वाचलेल्यांना तर आधी.

हे दोन निकष किती वेगळे आहेत ते आणखी दोन चित्रपटांवरून दिसतं. जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ (1979) अरुण साधू यांच्या एका कादंबरीवर नाही, दोन कादंबऱ्यांवर बेतलेला आहे: ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’. विजय तेंडुलकरांनी पटकथेत दोन्ही एकजीव केल्या. पानाला पान लावून बघणाऱ्याच्या हिशेबात तो नापासच व्हायला हवा. प्रत्यक्षात निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस, अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आणि डॉ. लागूंचा अर्थमंत्री आजही निवडणुका आल्या की लोकांना आठवतात. उलट संजय जाधव यांच्या ‘दुनियादारी’ (2013) वर मूळ कादंबरीचे लेखक सुहास शिरवळकर यांचे कट्टर वाचक नाराज झाले, आणि चित्रपट मात्र तुफान चालला. मला स्वतःला तिथे वाचकांची बाजू पटते. पण ज्यांनी पुस्तक उघडलंच नव्हतं त्यांचा आनंदही खोटा नव्हता.

मग ‘शाळा’ कोणत्या क्रमाने घ्यावी? काहीच वाचलं नसेल तर आधी चित्रपट. नंतर पुस्तक उघडलं की गोष्ट ओळखीची वाटेल, पण मुकुंदचा आतला आवाज संपूर्ण नवा मिळेल. याची किंमत एकच: शिरोडकरला यापुढे केतकीचाच चेहरा राहील. आधी वाचून झालं असेल तर लगेच बघू नका. वाक्यं ताजी असली की प्रत्येक दृश्यात तीच शोधली जातात आणि समोरचं दिसत नाही. काही महिने जाऊ द्या, मग बघा.

घरात नववी-दहावीतलं मूल असेल तर चित्रपट त्याच्यासोबत बसून बघा आणि पुस्तक त्याच्या हाताला लागेल असं ठेवा, वाचायचा आग्रह धरू नका. सोबत बघताना त्यातल्या मोठ्या माणसांकडेही जरा नीट लक्ष द्या: कोण मुलांचं ऐकून घेतं आणि कोण आधीच निकाल लावून मोकळं होतं.