दुकानातला हसरा बुद्ध म्हणजे गौतम बुद्ध नव्हे

ढेरपोट्या, हसणारी, खांद्यावर झोळी घेतलेली मूर्ती गौतम बुद्धांची आहे, असा समज जळगाव-धुळ्याच्या भेटवस्तूंच्या दुकानांपासून मोबाइलवरच्या संदेशांपर्यंत वर्षानुवर्षं पसरलेला आहे. मूर्तीखाली ‘बुद्ध’ लिहिलेलं असतं, त्यामुळे तसं वाटणं स्वाभाविकच.

ही मूर्ती बुदाई या चिनी भिक्षूची. तो दहाव्या शतकात पूर्व चीनमध्ये झोळी घेऊन फिरत असे, अशी परंपरा आहे. गौतम बुद्ध लुंबिनीत जन्मले, कुशीनगरला त्यांचं महापरिनिर्वाण झालं. दोघांमध्ये हजाराहून अधिक वर्षांचं अंतर. मग नावात बुद्ध कसा आला? पुढे जन्म घेणारा बुद्ध म्हणजे मैत्रेय. चिनी लोकांनी बुदाईला त्याचाच अवतार मानलं. अनेक चिनी विहारांत हा हसरा मैत्रेय प्रवेशाच्या दालनात असतो आणि शाक्यमुनी, म्हणजे गौतम बुद्ध, आत, मुख्य दालनात. तिथे दोघांची गल्लत होत नाही.

पडताळा घ्यायला आपल्याला चीनला जायला नको, जळगावहून अजिंठा जवळच आहे. लेणं क्रमांक 26 मध्ये सुमारे 7 मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची मूर्ती नीट बघा: उजव्या कुशीवर पहुडलेलं सडपातळ शरीर, कुरळे केस, लांब कानाच्या पाळ्या, अंगावर चीवर म्हणजे भिक्षूचं वस्त्र, खाली शोकाकुल शिष्य. इतर लेण्यांतल्या बसलेल्या मूर्तींचे हातही पाहा, धर्मचक्र मुद्रा, म्हणजे उपदेश करतानाची छातीजवळच्या हातांची ठेवण, लगेच ओळखू येते. बुदाईचं डोकं मात्र तुळतुळीत, पोट उघडं आणि जवळ झोळी.

पोट चोळलं की पैसा येतो, ही समजूतही बुद्धांच्या शिकवणीतली नाही. त्यांनी तृष्णा हे दुःखाचं मूळ सांगितलं.