धबधब्यावर पोहायला येण्यापूर्वी : एक दिवसाच्या सहलीचं माहितीपत्रक

सहलीत १० जण आणि सोबत २ गाइड. एक गाइड पाण्यात किंवा पाण्याला लागून असतो. दुसरा वरच्या खडकावर बसतो, जिथून डोहही दिसतो आणि वरून येणारा प्रवाहही. हा दुसरा गाइड पाण्यात उतरत नाही, तुमचे फोटो काढत नाही, गप्पांतही भाग घेत नाही. पाणी आणि माणसं बघत राहणं एवढंच त्याचं काम. दहाचा आकडा याच हिशेबाने ठरवला आहे. पाण्यातली दहा डोकी एका नजरेत मोजून होतात. वीस असली की मोजता मोजता कुणी खडकाआड जातं आणि मोजणी पहिल्यापासून करावी लागते.

दिवस कसा जातो

मिनीबस सकाळी ६.३० ला सुटते. हे अनेकांना फार लवकर वाटतं, पण त्याचं कारण आकाशात आहे. उष्ण कटिबंधात सकाळचं ऊन जमीन तापवतं, दमट हवा वर चढते, दुपारपर्यंत ढगांचे डोंगर उभे राहतात आणि पाऊस बहुतेकदा दुपारनंतर कोसळतो. म्हणून सगळ्यात मोठा धबधबा आणि सगळ्यात खोल डोह आम्ही आधी घेतो, ९ ते १०.३० या वेळात. दुसरा थांबा ११.३० ला. तिथे पाणी उथळ आणि संथ असतं, त्यामुळे नवख्यांना आणि मुलांना तोच जास्त आवडतो. जेवणानंतरचा तिसरा धबधबा फक्त बघायचा, त्यात उतरायचं नाही. दुपारी ३.३० ला आपण घळीतून बाहेर पडून मिनीबसपाशी असतो. या भागात संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो आणि झाडीखाली तर त्याआधीच अंधारतं. ओल्या पायवाटेवर बॅटरीच्या उजेडात उतरण्याची वेळ कुणावर येऊ नये.

डोहाची रचना समजून घ्या

धबधब्याच्या माथ्यावर बहुधा कठीण खडकाचा थर असतो आणि त्याखाली मऊ. पाणी आणि त्यासोबत येणारे गोटे खालचा थर कोरत राहतात आणि पायथ्याशी खोल खळगा तयार होतो. दहा मीटरवरून पडणारी धार खाली पोचते तेव्हा तिचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास असतो. कोरून निघालेली वाळू आणि गोटे डोहाच्या तोंडाशी साचतात. त्यामुळे डोह सहसा धारेखाली सर्वांत खोल असतो आणि बाहेर पडण्याच्या बाजूला उथळ होत जातो. पोहण्याची चांगली जागा या दोन्हींच्या मध्ये असते.

धारेखालचा पांढरा फेस हा सगळ्यात फसवा भाग. त्यात हवेचे इतके बुडबुडे असतात की ते पाणी माणसाला नेहमीसारखं वर धरत नाही. हात मारले तरी पकड मिळत नाही. लाइफ जॅकेटसुद्धा तिथे अर्धवटच काम करतं. शिवाय धार खाली आदळून तळाशी बाहेर जाते आणि तिची जागा भरायला पृष्ठभागावरचं पाणी धारेकडेच ओढलं जातं. गाइड आधी एक वाळकं पान पाण्यावर सोडतो. ते काही क्षण जागच्या जागी फिरतं, मग हळूहळू, अगदी निवांतपणे, धबधब्याकडे सरकू लागतं आणि फेसात दिसेनासं होतं. पोहणाऱ्यालाही ही ओढ तशीच गोड वाटते, म्हणूनच ती लक्षात येत नाही. आम्ही फेसाच्या कडेपासून किमान ५ मीटर अलीकडे तरंगती दोरी लावतो. दोरीच्या पलीकडे जायचं नाही, आणि धारेच्या पडद्यामागच्या कपारीत तर मुळीच नाही. वरून पाण्याबरोबर दगड आणि लाकडं येतात, ती खालच्या माणसाला दिसत नाहीत.

खोलीचा अंदाज डोळ्यांनी करू नका. नितळ पाण्यात प्रकाशकिरण वाकतात. वरून सरळ खाली पाहिलं तर २ मीटर खोल तळ दीड मीटरवर असल्यासारखा दिसतो. ‘इथे ठाव लागेल’ म्हणून पाय सोडणारा माणूस गटांगळी खातो ती यामुळे. काही डोहांत पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस असतं. पालापाचोळ्यातला रंग उतरल्यामुळे ते तसं दिसतं, त्यात घाण नसते. पण अशा पाण्यात गुडघ्याखालचं काही दिसत नाही, म्हणून तिथे गाइडच्या काठीने ठाव बघूनच पुढे सरकायचं.

सूर, मुटका, कड्यावरून उडी, हे सगळं या सहलीत बंद आहे. ३ मीटरवरून मारलेल्या उडीत माणूस ताशी २८ किलोमीटरच्या आसपास वेगाने पाण्यावर आदळतो. प्रत्येक पुरात तळातले ओंडके आणि दगड जागा बदलतात, त्यामुळे मागच्या आठवड्यात मोकळी असलेली जागा आज मोकळी असेल याची खात्री देता येत नाही. या नियमाला अपवाद करा असं कृपया गाइडला सांगू नका.

पाणी वाढतंय हे कसं कळतं

तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असतानाही डोह वाढू शकतो, कारण पाऊस वर पाणलोटात पडलेला असतो. त्या पावसाचं पाणी तुमच्यापर्यंत यायला काही मिनिटंही लागतात, कधी तास-दोन तासही. उतरण्यापूर्वी गाइड काठावर एक दगड असा मांडतो की त्याचा पाया पाण्यात आणि माथा कोरडा राहतो. त्या दगडाला हात लावू नका. माथा ओला झाला की सगळे बाहेर.

दगडाआधीही खुणा दिसतात. नितळ पाण्यात पानं, काटक्या आणि फेसाचे पुंजके येऊ लागतात. पाणी किंचित गढूळ होतं. धबधब्याचा आवाज बदलतो, सळसळीत घरघर मिसळते. ओल्या मातीचा वास येतो. यातली एक खूण दिसली तरी गाइड तीन शिट्ट्या वाजवतो. मग ज्या काठाला आहात त्याच काठाने वर चढायचं. प्रवाहाच्या दिशेने खाली पळायचं नाही आणि बॅग, बूट, फोन यासाठी पलीकडे जायचं नाही. सामान आम्ही नंतर शोधू किंवा भरून देऊ. ‘अजून पाचच मिनिटं’ ही विनंती आम्हाला रोज ऐकू येते. डोहाला भरायला तेवढाच वेळ पुरतो, म्हणून ती आम्ही मानत नाही.

वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळीही सगळे बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पाण्याजवळ जायचं नाही.

इतर खुणा सोप्या आहेत. एक शिट्टी म्हणजे थांबा आणि गाइडकडे बघा. तुम्ही ठीक असाल तर तळहात डोक्यावर ठेवा. मदत हवी असेल तर एक हात वर करून हलवा.

खडकावरची चार पावलं

माणसं पाण्यात कमी आणि काठावर जास्त पडतात, त्यातही शेवटच्या चार पावलांत, नजर डोहाकडे लागलेली असताना. काळपट-हिरवा, चकाकणारा खडक म्हणजे शेवाळं. फिकट, खरखरीत आणि कोरडा खडक पावलासाठी निवडा. दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार कायम खडकाला लागलेले असू द्या. पाण्याच्या कडेला पोचलात की बसा आणि बसूनच सरकत उतरा. तसंच बाहेर या. दिसायला ओशाळवाणं वाटलं तरी मनगट शाबूत राहतं.

वाटेत दोनदा ओढा ओलांडावा लागतो. पाणी गुडघ्याखाली असेल तरच ओलांडतो. तोंड प्रवाहाच्या उगमाकडे, हातात काठी, आणि एका वेळी एकच पाय हलवायचा. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो, म्हणून कालचा सोपा ओढा आज अवघड असू शकतो. वाहत्या पाण्यात पडलात तर लगेच उभं राहायची धडपड करू नका. पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकलं तर प्रवाह अंगाला पुढे वाकवतो आणि तोंड पाण्याखाली जातं. उताणं व्हा, पाय पुढे आणि वर ठेवा, हातांनी वल्हवत काठाकडे या. पाणी अगदी उथळ झाल्यावरच उठा.

गाइडने दोरीची पिशवी फेकली तर पिशवी सोडून दोरी धरा. ती छातीशी घेऊन खांद्यावरून न्या आणि पाठीवर तरंगा. मनगटाला गुंडाळू नका, कारण गुंडाळलेली दोरी हवी तेव्हा सोडता येत नाही.

पोहता येतं म्हणजे किती?

हे आम्ही नेमकं विचारतो. ठाव लागत नाही अशा पाण्यात न थांबता ५० मीटर जाता येतं का, आणि पाठीवर २ मिनिटं निवांत तरंगता येतं का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ नसेल तर लाइफ जॅकेट घालायचं. १२ वर्षांखालच्या मुलांनी ते घालायचंच, मग ती स्पर्धेत पोहत असली तरी. ७ वर्षांखालच्या मुलांना ही सहल देत नाही.

जॅकेट बरोबर बसलंय का हे बघायला सगळे पट्टे आवळा आणि कुणालातरी खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर खेचायला सांगा. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते सैल आहे. पाण्यात माणूस खाली राहतो आणि असं जॅकेट एकटंच वर येतं. मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा असतो, तो अडकवायला विसरू नका.

डोहाचं पाणी सावलीतून आणि उंचावरून येतं, त्यामुळे बाहेर उकाडा असला तरी ते बहुधा २० ते २४ अंश असतं. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त सहज उष्णता वाहून नेतं. बारीक अंगाची मुलं पंधरा-वीस मिनिटांत कुडकुडू लागतात आणि ‘मला थंडी वाजत नाही’ असंही सांगत राहतात. अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकवायला सांगा. जमत नसेल तर लगेच बाहेर काढा, अंग पुसा, कोरडे कपडे घाला. उतरताना आधी मान, चेहरा, छाती भिजवा आणि धाप लागणं थांबेपर्यंत कमरेएवढ्या पाण्यात थांबा.

सोबत काय आणाल

पोहण्याचा पोशाख घरूनच आतून घालून या, कारण धबधब्यापाशी कपडे बदलायला खोली नाही. टॉवेल, कपड्यांचा पूर्ण कोरडा जोड, दीड ते दोन लिटर पाणी, वाऱ्यापासून वाचवणारं पातळ जाकीट. जीन्स आणि जाड सुती कपडे नकोत. ते पाणी पितात, जड होतात आणि वाळत नाहीत. बूट रबरी तळाचे, नाडीचे किंवा मागे पट्टा असलेले आणा. स्लिपर पहिल्याच ओढ्यात वाहून जाते. अंगठ्या आणि सैल साखळ्या घरी ठेवा, गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी निसटते. ड्राय बॅग (आत पाणी न शिरणारी पिशवी), काठ्या, जॅकेट आणि प्रथमोपचाराचं सामान आमच्याकडे असतं.

सनस्क्रीन आणि कीटकांचं मलम निघण्याआधी अर्धा तास लावा, म्हणजे ते त्वचेत मुरतं. काठावर उभं राहून लावलं तर त्याचा तवंग थेट डोहात उतरतो आणि त्याच पाण्यात बेडकांची पिल्लं असतात. कीटकांचं मलम लावलं असेल तर पाण्यात जाण्याआधी ओल्या फडक्याने पुसून टाका. उन्हासाठी लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट सगळ्यात बरा. बुटांचे तळ चिखल काढून, धुऊन, पूर्ण वाळवून आणा. बेडकांना मारणारी एक बुरशी ओल्या चिखलातून एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाते. मिनीबसमधून उतरल्यावर आम्ही ब्रश देतो, त्याचा हेतू हाच.

तब्येत

उघडी जखम असेल तर पाण्यात उतरू नका. जनावरांच्या मूत्रातून पाण्यात येणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेतून शरीरात शिरतात, आणि पावसानंतर हा धोका वाढतो. सहलीनंतर २ ते ३० दिवसांत ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल होणं यापैकी काही झालं तर डॉक्टरांना ‘गोड्या पाण्यात पोहलो होतो’ हे आवर्जून सांगा. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. फिट येणं, हृदयविकार, दमा, गरोदरपण यांची माहिती आधी द्या. दम्याचा पंप बॅगेत न ठेवता गाइडकडे द्या. आदल्या रात्री किंवा सहलीत मद्य घेतलेल्यांना पाण्यात सोडत नाही.

जळू लागली तर मीठ, तंबाखू, काडी यांपैकी काही वापरू नका. डिवचलेली जळू पोटातलं जखमेत ओकते. तिचं निमुळतं टोक शोधा, तिथे नख आडवं सरकवून तोंड सोडवा, मग जाडं टोक. चावा दुखत नाही, पण तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही आणि ते बराच वेळ झिरपत राहतं. धुऊन स्वच्छ कापड दाबून धरा.

सहल रद्द झाली तर

पाणलोटातला पाऊस आणि डोहाची पातळी बघून निर्णय पहाटे ५ पर्यंत होतो आणि लगेच फोन केला जातो. डोह बंद पण वाट सुरक्षित असेल तर पोहण्याऐवजी जंगलवाटेची सहल सुचवतो. ती नको असेल तर सगळे पैसे परत. धबधब्यापाशी पोचल्यावर गाइडने पाण्यात उतरू दिलं नाही तर पोहण्याच्या भागाचे पैसे परत मिळतात, त्यासाठी अर्ज करावा लागत नाही.

प्रत्येकाचं वजन, छातीचं माप, वय आणि बुटाचा नंबर आदल्या दिवशी संध्याकाळी ६ पर्यंत कळवा. त्यावरून जॅकेटं निवडून मिनीबसमध्ये भरली जातात, आणि उशिरा कळवलेल्या मापाचं जॅकेट उरलेलं असेलच असं नाही.