कच्च्या अंड्यात जास्त ताकद असते का?

‘अंडं उकडलं की प्रथिनं मरतात, म्हणून कच्चंच प्या’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. मुळात प्रथिन जिवंत नसतंच. ती अमिनो आम्लांची घडी घातलेली साखळी. उष्णतेने घडी उलगडते, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि पाण्यासारखा पारदर्शक भाग पांढरा, घट्ट होतो. अमिनो आम्लांना जोडणारे बंध मात्र उकडण्याने तुटत नाहीत. उलट, उलगडलेली साखळी पाचकरसांना सोपी जाते: मोजून पाहिलं तेव्हा शिजलेल्या अंड्यातली सुमारे 90 टक्के प्रथिनं पचली, कच्च्यातली जेमतेम निम्मी. उकडल्याने प्रथिनं नाहीशी होत नाहीत, हे पडताळायचंय? पोषणमूल्यांचा कुठलाही तक्ता उघडा. कच्चं असो वा उकडलेलं, 100 ग्रॅममागे साधारण 12-13 ग्रॅमच प्रथिनं दिसतील. कच्च्यात साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूची भीती, ती वेगळीच.