बावला खून प्रकरण: महाराजांनी गादी का सोडली?

१२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलवर काय झालं, ते इंदूरकरांना नव्याने सांगायला नको. मोटार अडवून अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याला गोळ्या घातल्या, इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांचा दरबार सोडून गेलेल्या मुमताज बेगम या नर्तकीच्या चेहऱ्यावर वार केले. गोल्फ खेळून परतणारे गोरे लष्करी अधिकारी मध्ये पडले म्हणून ती वाचली. खटल्यात संस्थानच्या फौजेतला एक बडा सरदारही आरोपी होता. तिघांना फाशीची शिक्षा झाली, सरदाराला जन्मठेप. हल्ला कोणी केला हे ठरलं. हुकूम कोणाचा, हे मात्र राहूनच गेलं.

संशय महाराजांवर होता, पण ते स्वतः आरोपी नव्हतेच. मग १९२६ च्या सुरुवातीला इंग्रज सरकारने त्यांच्यापुढे दोन वाटा ठेवल्या: चौकशी आयोगाला सामोरं जा, नाहीतर गादी सोडा. फेब्रुवारीत त्यांनी मुलासाठी गादी सोडली आणि चौकशीचा विषय मिटला. 'निर्दोष असते तर आयोगापुढे गेले असते,' असं आजही सहज बोललं जातं. हे बोलणाऱ्यांना बडोदं आठवत नाही. रेसिडेंटवर, म्हणजे संस्थानातल्या इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीवर, विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून तिथल्या महाराजांविरुद्ध १८७५ मध्ये आयोग बसला. सहा सदस्य होते. तिघा इंग्रजांनी दोषी ठरवलं; ग्वाल्हेरचे शिंदे महाराज धरून तिघा हिंदी सदस्यांनी दोष मान्य केला नाही. तरीही गैरकारभाराचं कारण पुढे करून सरकारने बडोद्याच्या महाराजांना गादीवरून उतरवलंच. हा दाखला समोर असताना होळकरांनी आयोगावर भरवसा कशाला ठेवायचा? शिवाय त्यांच्या वडिलांनीही १९०३ मध्ये गादी सोडली होती. गादी घराण्यातच राहते हे त्यांनी पाहिलं होतं.

अर्थात यावरून ते निर्दोष ठरत नाहीत. पण प्रश्न सरकारलाही विचारायला हवा. पुरावा भक्कम होता तर गादी सोडण्याची सवलत का दिली? कच्चा होता तर आयोगाची धमकी कशासाठी? माझ्या मते दरबाराच्या आतल्या गोष्टी उघड्यावर येणं दोन्ही बाजूंना नको होतं.

पुढचं शहराला जास्त आठवतं. १९२८ मध्ये महाराजांनी एका अमेरिकन तरुणीशी लग्न केलं. त्याआधी तिने हिंदू धर्म स्वीकारला होता, आणि त्यावरून भरपूर गहजब झाला. सतराव्या वर्षी गादीवर आलेल्या मुलाला पूर्ण अधिकार १९३० मध्ये मिळाले. पुढे त्याने जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग बांधून घेतली आणि इंदूरचं नाव युरोपात त्या महालामुळे घेतलं जाऊ लागलं. १९४८ मध्ये संस्थान 'मध्य भारत' या नव्या राज्यात गेलं. पदत्याग केलेले महाराज १९७८ पर्यंत हयात होते. न्यायालयाने वा आयोगाने त्यांना या खुनाबद्दल जाब विचारण्याची वेळ कधी आलीच नाही.