वांग्याच्या फुलाला भुंगाच लागतो

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकूंनी कुंडीतल्या वांग्याचा फोटो टाकला, फुलं भरपूर येतात पण गळून जातात, काय करू. खाली लगेच तो नेहमीचा फॉरवर्ड, मधमाशा संपल्या की चार वर्षांत माणूस संपेल असं आइनस्टाइन म्हणून गेलाय. आइनस्टाइन असं म्हणाल्याचा काहीही पुरावा नाही, आणि तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी या आपल्या रोजच्या धान्यांचं माशीवाचून भागतं, काहींचं वाऱ्यावर, काहींचं आपलं आपण. माशा वाचवायला हव्यातच, पण अशी भीती घातली की लोक मधाची एक पेटी आणून ठेवतात आणि काम झालं समजतात. काकूंच्या वांग्याला त्या पेटीचा फारसा उपयोग नाही.

का, ते फूल हातात घेऊन बघा. जांभळ्या पाकळ्यांच्या मधोमध पिवळ्या परागकोशांचा एक सुळका असतो. झेंडूला किंवा जास्वंदीला बोट लावलं की बोट पिवळं होतं, इथे होत नाही, कारण पराग बाहेर नसतातच, ते आत बंद असतात आणि टोकाला फक्त बारीक भोकं, मिठाच्या डबीसारखी. डबी हलवली तरच मीठ पडणार. फुलात मध पण नाही, म्हणजे येणारी माशी फक्त परागांसाठी येणार आणि ते तिला झाडून घ्यावे लागणार. जगात असे भोकाचे परागकोश असलेल्या वनस्पतींच्या २०,००० हून जास्त जाती आहेत.

आणि इथे येतो आपला काळा भुंगा, म्हणजे मधमाशीच्याच कुळातली एक मोठी माशी. तो (खरं तर ती, हे काम मादीचं) सुळक्याला जबड्याने धरून लोंबकळते, अंगाचं मुटकुळं करते, पंख मिटते आणि मग गुणगुणते. पंख मिटलेले असताना आवाज कुठून येतो? माशीच्या छातीची एक कडक पेटी समजा. तिच्यात उडायच्या स्नायूंचे दोन संच असतात, एक उभा, एक आडवा, आणि हे स्नायू बहुतेक पंखांना थेट जोडलेलेच नसतात, ते पेटीचा आकार बदलतात. उभा संच आखडला की पेटीचं छत खाली येतं आणि पंख वर जातात, छत खाली येताना आडवा संच ताणला जातो, आणि या स्नायूची गंमत अशी की ताणला की तो आपोआप आखडतो, मग छत वर, पंख खाली, आता उभा ताणला, तो आखडला, असं चालूच राहतं. दर फेरीला मेंदूकडून हुकूम यायची गरज नाही, मज्जातंतूच्या एका इशाऱ्यावर कितीतरी फेऱ्या होतात, म्हणूनच सेकंदाला शेकडो वेळा हे जमतं. फुलावर ती हेच यंत्र पंख बाजूला ठेवून चालवते, पंखांचं ओझं नाही म्हणून कंप वाढतो, आवाज उडतानाच्या आवाजापेक्षा वरच्या सुरात जातो, आणि परागांचा फवारा थेट तिच्या पोटावरच्या केसांवर. कान देऊन ऐकलंत तर फरक कळतो, घूंऽऽ चालू असतं आणि फुलावर एकदम झीं झीं.

मधमाशीकडे हेच स्नायू आहेत पण फूल असं हलवायची कला तिला येत नाही. भुंग्याला येते, आणि पोटावर निळसर पट्टे असलेल्या, एकटी राहणाऱ्या छोट्या माशीलाही येते. वांग्यात वाऱ्यानेही थोडं काम होतं, पण काकूंची बाल्कनी काचा लावून बंद, तिथे वारा नाही आणि भुंगाही नाही. (वांग्याच्या काही फुलांत मधली मादी-दांडी, म्हणजे कुक्षिवृंत, आखूड असते, ती फुलं गळणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.) तोवर बॅटरीवर चालणारा टूथब्रश फुलाच्या देठाला दोन सेकंद टेकवा, काम होतं.

बहावा तर याहून हुशार. ठाण्यात एप्रिल-मेमध्ये फुललेला बहावा दिसला की एक फूल उचला, दहा पुंकेसर मोजा, तीन लांब वाकडे, चार मधले, तीन खुरटे. भुंगा मधले हलवून स्वतःचं खाणं घेतो आणि त्याच वेळी लांबवाले त्याच्या अंगावर असे पराग टाकतात की ते पुढच्या फुलाला पोचतात.

आता यांना राहायला काय लागतं, तर फार नाही. भुंगा सुकं लाकूड किंवा बांबू कोरून घर करतो. लाकूड खात नाही, भुसा बाहेर टाकतो, आणि आत एकेका कप्प्यात परागांचा लाडू ठेवून त्यावर अंडं. घोंघावत तोंडासमोर येतो तो बहुतेक नर, त्याला नांगीच नसते. निळ्या पट्ट्यांची माशी मातीत बीळ करते, आणि आपण घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवतो. येऊरचं जंगल दहा मिनिटांवर असून माशीला बोटभर माती मिळत नाही. या माशीचे नर संध्याकाळी गवताच्या काडीला जबड्याने धरून ओळीने झोपतात, आणि बरोबर त्याच वेळी धुराची गाडी येते. डेंग्यूचा डास घरातल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आठवड्यातून एकदा कुंड्यांखालच्या ताटल्या आणि कूलर कोरडे करणं हे त्यावरचं मूळ काम आहे, धुराने अळ्या मरत नाहीत.

तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, चार राहू द्या, सकाळी तिथे निळे पट्टे दिसतील. कढीपत्ता आणि लिंबावर अळ्या दिसल्या तर फवारू नका, ती फुलपाखरं आहेत.

आणि टाकळा. पावसाळ्याच्या सुरुवातीला आपण त्याची कोवळी भाजी हौसेने आणतो, नंतर तोच कंपाउंडला वाढला की गवत समजून गणपतीच्या आधी मशीनने साफ करतो, म्हणजे नेमका फुलं यायच्या वेळी. त्याची पिवळी फुलंही भुंग्यासारख्यांनी हलवायचीच असतात. पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये मी एवढंच मांडणार आहे, मागच्या भिंतीलगतची पट्टी दसऱ्यापर्यंत कापायची नाही, तिथे पेव्हर लावायचे नाहीत, आणि मंडपाचे उरलेले चार बांबू भंगारात न देता सावलीत आडवे बांधून ठेवायचे.